थेंबांनी अल्कता मोजणारा संच: मत्स्यपालकाच्या नजरेतून परीक्षण

शेततळ्यात किंवा टाकीत मासे पाळणाऱ्याला पाणी तपासण्यासाठी एकच वस्तू घेणे परवडत असेल, तर त्याने सामू दाखवणारा डिजिटल पेन बाजूला ठेवून आधी अल्कता मोजणारा थेंबांचा संच घ्यावा, असे माझे मत वर्षभराच्या वापरानंतर पक्के झाले आहे. सामू म्हणजे पीएच. तो पाणी त्या क्षणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे एवढेच सांगतो. पाण्यात आणखी किती आम्ल पडले तर ते तग धरेल, हे अल्कता सांगते. तापमापकाने ताप कळतो, अंगात किती ताकद उरली आहे ते कळत नाही. या दोन मापांतील फरक साधारण असाच आहे. मासे दगावल्यावर पेनने घेतलेला आकडा पंचनाम्याच्या कामाचा असतो, तर अल्कतेचा आकडा महिनाभर आधी सावध करू शकतो.

मी वापरतो तो संच ऑनलाइन मागवलेला आहे आणि त्याची किंमत बाराशे रुपयांच्या आसपास पडली. प्लास्टिकच्या डबीत ५ आणि २० मिलिलिटरच्या खुणा असलेली काचेची नळी, रंग बदलून शेवट दाखवणाऱ्या दर्शकाची छोटी कुपी, सौम्य सल्फ्युरिक आम्लाची मोठी कुपी, नळाच्या पाण्यातील क्लोरीन मारण्यासाठी थायोसल्फेटची इवलीशी बाटली आणि दोन्ही बाजूंनी छापलेले माहितीपत्रक एवढा ऐवज त्यात येतो. अशाच घडणीचे संच तीन-चार कंपन्या विकतात आणि त्यांचे तत्त्व एकच असल्यामुळे नाव न घेताही या परीक्षणातील बहुतेक गोष्टी सर्वांना लागू पडाव्यात. माहितीपत्रकाबद्दल मात्र माझी तक्रार आहे आणि ती पुढे सविस्तर येईल.

संच काय मोजतो हे आधी समजून घेतले पाहिजे, कारण विक्रेत्यांनी दिलेल्या वर्णनात 'पाण्याचा जडपणा' आणि 'अल्कता' यांची सर्रास सरमिसळ केलेली आढळते. जडपणा कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे येतो. अल्कता येते ती मुख्यतः बायकार्बोनेट आणि काही प्रमाणात कार्बोनेट यांच्यामुळे. दोन्ही 'कॅल्शियम कार्बोनेटचे दर लिटरला इतके मिलिग्रॅम' अशा एकाच एककात सांगण्याचा प्रघात असल्यामुळे हा गोंधळ होतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड पावसाच्या पाण्यात विरघळून सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होते. म्हणूनच प्रदूषण नसलेल्या पावसाचाही सामू ५.६ च्या आसपास असतो. हे पाणी मातीतून झिरपताना मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनातून आणखी कार्बन डायऑक्साइड घेते आणि खडकाला भिडते. खडक हळूहळू झिजतो, त्यातील कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम पाण्यात उतरतात आणि कार्बोनिक आम्लाचे रूपांतर बायकार्बोनेटमध्ये होते. पुढे त्या पाण्यात बाहेरून आम्ल पडले की बायकार्बोनेट त्याला गाठते, त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो वायू हवेत निघून जातो. आम्ल संपले, सामू जेमतेम हलला, फक्त साठ्यातील थोडे बायकार्बोनेट खर्ची पडले. तळी, नद्या आणि समुद्र आम्लापुढे तग धरतात ते मुख्यत्वे या साठ्याच्या बळावर. संच नेमका तोच मोजतो.

वापरण्याची रीत सोपी आहे. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचे, दर्शकाचे दोन थेंब टाकायचे, पाणी निळसर हिरवे होते. मग आम्लाचा एकेक थेंब टाकत आणि नळी हलवत रंग गुलाबी होईपर्यंत थेंब मोजायचे. ५ मिलिलिटर पाण्याला एक थेंब म्हणजे दर लिटरला २० मिलिग्रॅम, २० मिलिलिटरला एक थेंब म्हणजे ५ मिलिग्रॅम. हिरवा आणि गुलाबी यांच्यामध्ये एक राखाडी छटा येते आणि बहुतेकांची चूक तिथेच होते. राखाडी दिसल्याबरोबर थांबू नये. आणखी एका थेंबाने स्वच्छ गुलाबी झाले तरच तो शेवट धरावा. हे काम उन्हात करू नये, सावलीत नळीमागे पांढरा कागद धरून करावे. कुपी तिरकी धरली तर थेंबाचा आकार बदलतो आणि एकूण आकडा चुकतो, म्हणून ती सरळ उभी धरण्याचा दंडक पाळावा. नळाचे पाणी असेल तर थायोसल्फेटचा थेंब आधी टाकावा, नाहीतर क्लोरीन दर्शकाचा रंगच उडवतो आणि माणूस हिरव्याची वाट पाहत बसतो.

संचाचा आकडा किती भरवशाचा, हे घरीच तपासता येते. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. बेकिंग पावडर नव्हे, त्यात इतर घटक असतात. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात १.६८ ग्रॅम सोडा विरघळवला की त्याची अल्कता दर लिटरला १००० मिलिग्रॅम होते आणि त्यातील १०० मिलिलिटर घेऊन एक लिटरपर्यंत पातळ केले की १०० मिलिग्रॅमचे द्रावण मिळते. स्वयंपाकघरातील वजनकाट्याला १.६८ ग्रॅम पेलत नाही. ओळखीच्या सराफाने त्याच्या काट्यावर सोड्याची पुडी तोलून दिली आणि वर 'हे कोणते नवीन धातूकाम' अशी पृच्छाही केली. या द्रावणावर ५ मिलिलिटरच्या खुणेला संचाने पाचव्या थेंबाला गुलाबी रंग दाखवला, तर २० मिलिलिटरला एकविसाव्या थेंबाला. म्हणजे पाच टक्क्यांच्या आत चूक. या किमतीत त्याहून जास्त अपेक्षा ठेवणे अन्यायाचे होईल. सहा महिन्यांनी तीच तपासणी पुन्हा केली तेव्हा आम्ल तसेच होते, दर्शक मात्र फिका पडू लागला होता. कुपीवर अंतिम तारीख छापलेली नाही, हा दोष गंभीर मानायला हवा.

हे माप खऱ्या पाण्यावर काय सांगते ते पाहण्यासाठी दोन ठिकाणची पाणी तपासली. एक आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातील जांभ्यावरच्या विहिरीचे, दुसरे फलटणकडच्या मेहुण्यांच्या शेततळ्याचे. जांभा म्हणजे लाखो वर्षांच्या पावसाने धुऊन काढलेला खडक: त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केव्हाच निघून गेले आहे आणि मागे लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे उरली आहेत. त्यातून झिरपलेल्या पाण्याला खडकाकडून मिळण्यासारखे फारसे काही नसते. विहिरीच्या पाण्याची अल्कता २० मिलिलिटरच्या खुणेला चार थेंब, म्हणजे २० मिलिग्रॅम निघाली. फलटणच्या तळ्यात पाणी येते ते काळ्या बेसॉल्टमधील विहिरीचे. तिथे ५ मिलिलिटरला आठ थेंब, म्हणजे १६० मिलिग्रॅम. दोन्ही पाणी दिसायला सारखेच स्वच्छ आणि चवीला गोड.

फरक दिसतो तो आम्ल ओतल्यावर. तीन काचेच्या पेल्यांत प्रत्येकी २०० मिलिलिटर पाणी घेतले: एकात डिस्टिल्ड, दुसऱ्यात हवेत उघडे ठेवलेले विहिरीचे, तिसऱ्यात फलटणचे. संचातीलच आम्लाचे दहा-दहा थेंब टाकत प्रत्येक वेळी पेनने सामू पाहिला. डिस्टिल्ड पाणी पहिल्या दहा थेंबांतच ४ वर घसरले. विहिरीचे पाणी ७.६ वरून निघाले, दहा थेंबांना ६.७ वर आले, तीस थेंबांना ५.८ वर आणि चाळिसाव्या थेंबाला ५ च्याही खाली गेले, कारण तोवर त्यातील बायकार्बोनेट संपले होते. फलटणचे पाणी ८.१ वरून चाळीस थेंबांनंतर ७.१ वर आले. ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून काही वेळ ओतत राहिल्यावर तयार झालेला कार्बन डायऑक्साइड निघून गेला आणि सामू पुन्हा ८ च्या घरात पोहोचला. आम्ल पडल्याची खूण त्या पाण्यात फक्त अल्कतेत उरली: १६० चे १४० झाले होते. नैसर्गिक तळ्यातही आम्लीकरण असेच होते. बराच काळ सामू जागचा हलत नाही, सगळे आलबेल वाटते, आतून साठा मात्र कमी होत राहतो आणि तो संपत आला की पुढची घसरण फार वेगाने होते. ज्याच्याकडे फक्त पेन आहे, त्याला ही घसरण सुरू झाल्यावरच कळते.

पेन आणखी एका प्रकारे फसवतो आणि कोकणातील शेतकऱ्यांना हे माहीत असायला हवे. विहिरीतून नुकतेच काढलेले पाणी पेनने ६.२ दाखवत होते. तेच पाणी बादलीत ढवळून हवा खाऊ दिल्यावर साडेसातपर्यंत चढले. जमिनीखालच्या पाण्यात मातीतून आलेला कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो, हवा लागली की तो उडून जातो आणि सामू वर येतो. ६.२ चा आकडा पाहून तळ्यात घाईघाईने चुना ओतणारे लोक मी पाहिले आहेत. अल्कता मात्र दोन्ही वेळा चार थेंबच होती, कारण कार्बन डायऑक्साइड पाण्यात शिरल्याने किंवा बाहेर पडल्याने एकूण अल्कता बदलत नाही. पेन टाकून द्यावा असे यातून कोणी समजू नये, तो ६.८६ आणि ९.१८ च्या द्रावणांत नियमित जुळवून घेतला, तर संचाचा उत्तम जोडीदार ठरतो. पेनसोबत मिळणारी जुळवणीची द्रावणे स्वतःच बफर, म्हणजे सामू सहजी हलू न देणारी द्रावणे असतात; जणू तळ्याला जे जमते तेच पुडीत भरून विकलेले असते.

कमी अल्कतेच्या पाण्यात आम्लाइतकाच त्रास ऊन देते. दिवसा पाण्यातील शेवाळ प्रकाशसंश्लेषणासाठी कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि सामू चढतो. रात्री मासे, शेवाळ आणि जिवाणू सगळेच तो सोडतात आणि सामू उतरतो. पावसानंतरच्या हिरव्या पाण्यात आमच्या तळ्यात पहाटे ६.८ आणि दुपारी तीनच्या सुमारास ९.३ असे आकडे मिळाले. फलटणला त्याच आठवड्यात ७.९ आणि ८.६ होते. ९ च्या वरचा सामू रोहू-कटला काही तास सोसतात, पण त्यासोबत अमोनिया घातक होतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणारा अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो; त्यातील मुक्त अमोनिया माशांना विषारी आहे. २५ अंश तापमानाला सामू ७ असताना एकूण अमोनियातील अर्ध्या टक्क्याच्या आसपासच भाग या विषारी रूपात असतो, ८ ला सुमारे ५ टक्के आणि ९ ला तिसऱ्या हिश्शाहून अधिक. म्हणजे अमोनिया तेवढाच राहूनही दुपारचे पाणी पहाटेपेक्षा कितीतरी पटींनी विषारी असू शकते. भरपूर अल्कता आणि कॅल्शियम असलेल्या पाण्यात सामू चढू लागला की थोडे कॅल्शियम कार्बोनेट पांढऱ्या साक्यासारखे खाली बसते आणि चढाला वेसण बसते.

प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्यांच्या बाबतीत हा संच जवळजवळ अपरिहार्य मानावा लागेल. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ मध्ये आली, अस्तरीकरणही वाढले आणि त्यातील अनेक तळ्यांत मत्स्यबीज सोडले जाते. मातीच्या तळ्याला तळाचा गाळ सावरतो. गाळातील कॅल्शियम, झिजणारा मुरूम, शिंपले हे सारे थोडे थोडे पाण्यात येत राहते. अस्तराच्या तळ्यात पाणी आणि जमीन यांची गाठच पडत नाही. जे बायकार्बोनेट पाण्यासोबत आले तेवढेच, आणि पावसाळ्यात वरून पडणारे पाणी ते पातळ करत जाते. त्यात भर म्हणजे अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू प्रत्येक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे ७ मिलिग्रॅमहून थोडी अधिक अल्कता खातात. बायोफ्लॉक टाक्यांत, म्हणजे पाण्यातच वाढवलेल्या जिवाणूंच्या पुंजक्यांकडून घाण पचवून घेणाऱ्या टाक्यांत, खाद्य जास्त आणि पाणी बदलणे नाही, त्यामुळे तिथे हा खर्च इतका जलद होतो की आठवड्याला तपासणीसुद्धा कमी पडते. मत्स्यसंवर्धनात २० मिलिग्रॅमच्या खालची अल्कता धोक्याची आणि ५० ते १५० ची सोयीची मानतात. आमच्या तळ्याचा आकडा ऑगस्टच्या अखेरीस तीन थेंबांवर, म्हणजे १५ वर आला होता. तो मे महिन्यात ३० होता आणि मधल्या काळात पेनवर पाहण्यासारखे काहीच घडले नव्हते.

सामू हळूहळू घसरतो तेव्हा माशांचे काय होते याचा सर्वांत स्वच्छ पुरावा कॅनडातून आलेला आहे. ऑन्टारिओ प्रांताच्या वायव्य भागात संशोधनासाठी राखून ठेवलेल्या तळ्यांपैकी २२३ क्रमांकाच्या तळ्यात डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी १९७६ पासून मुद्दाम सल्फ्युरिक आम्ल मिसळत नेले आणि सुमारे ६.८ असलेला सामू काही वर्षांत ५ च्या आसपास आणला. हे निष्कर्ष १९८५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तो भाग ग्रॅनाइटचा, म्हणजे बायकार्बोनेटच्या बाबतीत जांभ्यासारखाच कंजूष. मोठे ट्राउट मासे लगेच मेले नाहीत. सामू ६ च्या जवळ आला तेव्हाच त्यांच्या खाण्यातील एक लहान झिंगा आणि एक छोटा मासा संपुष्टात येऊ लागला, पुढे ट्राउटची पिल्ले दिसेनाशी झाली आणि शेवटी मोठे मासे उपासमारीने वाळत गेले. आपल्याकडे 'मासे जिवंत आहेत म्हणजे पाणी ठीक आहे' हा जो ठोकताळा चालतो, तो या तळ्याने निकालात काढलेला आहे. त्याच प्रयोगातील दुसरी गोष्ट मला अधिक विलक्षण वाटते. ठरवलेल्या सामूपर्यंत पोहोचायला हिशेबापेक्षा जास्त आम्ल लागले, कारण तळाच्या ऑक्सिजनविरहित गाळातील जिवाणू आम्लातील सल्फेटचे सल्फाइड करत होते आणि त्या क्रियेत नवी अल्कता तयार होत होती. तळे आपल्या खडकावर विसंबून होतेच, शिवाय गाळातूनही प्रतिकार करत होते. अस्तराच्या तळ्यात गाळ नसल्याने हीदेखील सोय जाते, हे ओघाने आलेच.

आता माहितीपत्रकाकडे वळतो. ते फक्त इंग्रजीत आहे आणि अक्षर इतके बारीक आहे की चष्म्यावर भिंग लावावे लागते. त्याहून खटकणारी गोष्ट म्हणजे त्यात अल्कता 'जितकी जास्त तितकी चांगली' अशा अर्थाचे वाक्य आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर या विधानाला पुरून उरेल. उल्कापाताने बेसॉल्टमध्ये तयार झालेल्या त्या विवरातून पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. पाणी बाष्पीभवनाने उडते, कार्बोनेट आणि क्षार मागे साठत जातात आणि सामू १० च्या आसपास असतो. आम्ल पचवण्याची त्या पाण्याची क्षमता अफाट आहे, परंतु इतके क्षारयुक्त पाणी माशांना सोसत नाही. क्षारप्रिय सूक्ष्मजीवांना मात्र ते मानवते. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण म्हणून अशाच जिवांकडे बोट दाखवले होते. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

माहितीपत्रकातील दुसरा दावा असा की हा संच समुद्राच्या पाण्याचे 'आम्लीकरण ओळखतो'. हे तर तत्त्वतःच चूक आहे. समुद्राचे आम्लीकरण हवेतील वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते आणि वर सांगितल्याप्रमाणे त्या वायूने एकूण अल्कता बदलत नाही. औद्योगिक काळात समुद्राच्या पृष्ठभागाचा सरासरी सामू सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला. आकडा क्षुल्लक दिसतो, पण सामूचे माप लघुगणकी, म्हणजे एक अंक उतरला की आम्लता दहापट वाढते असे, असल्यामुळे आम्लता ठरवणारे हायड्रोजन आयन पाव हिश्शाहून अधिक वाढले आहेत. कालवे आणि तिसऱ्या कवच बांधतात ते कार्बोनेटच्या आधाराने, आणि वाढलेला कार्बन डायऑक्साइड त्या कार्बोनेटचेच बायकार्बोनेट करून टाकतो. थेंबांच्या संचाला यातले काहीही दिसणार नाही. खाडीच्या पाण्यावर कोळंबी करणाऱ्यांना अल्कता पाहायला संच उपयोगी आहे, पण या दाव्यापोटी कोणी पैसे मोजू नयेत.

सर्वांत घातक भाग आहे चुन्याचा तक्ता. त्यात सामूचा आकडा आणि त्यासमोर चुन्याची मात्रा दिली आहे. कोणता चुना हे लिहिलेलेच नाही. संच अल्कता मोजतो आणि मात्रा मात्र सामूवरून ठरवायची, ही विसंगती छापणाऱ्याच्या लक्षात आली नसावी. कळीचा चुना पाण्यात पडला की सामू तासाभरात १० च्या पुढे जाऊ शकतो आणि पाण्यात अमोनिया असेल तर मासे आम्लाने न मरता चुन्याने मरतात. तळे रिकामे असताना तळ निर्जंतुक करायला तो ठीक आहे. मासे असलेल्या तळ्यात कृषी चुना, म्हणजे दळलेला चुनखडक वापरावा. तो सावकाश विरघळतो आणि सामू साधारण ८.३ च्या वर नेत नाही. त्याची मात्रा संचावरूनच निघते. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल तळ्यात, बाजूंचा उतार धरून, ढोबळमानाने वीस लाख लिटर पाणी मावते. अल्कता ३० मिलिग्रॅमने वाढवायची तर ६० किलो कॅल्शियम कार्बोनेट विरघळले पाहिजे. अस्तराच्या तळ्यात हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. मातीच्या तळ्यात आम्लधर्मी गाळ आधी आपला वाटा घेतो, म्हणून तिथे मातीची तपासणी केल्याखेरीज मात्रा ठरवू नये. चुनखडकाची भुकटी जितकी बारीक तितकी चांगली, आणि पाण्याची अल्कता ५०-६० च्या पुढे गेली की ती फारशी विरघळत नाही. त्याहून वर न्यायचे असेल तर खाण्याचा सोडा लागतो, त्याच तळ्यात ३० मिलिग्रॅमसाठी सुमारे १०० किलो. टाक्यांना हे परवडते, शेततळ्याला नाही.

कागदी पट्ट्यांचा पर्याय स्वस्त आहे. त्यांच्या रंगपट्टीवर ०, ४०, ८० असे टप्पे असतात, त्यामुळे १५ आणि ३० यांतला फरक त्यांना दिसत नाही आणि कोकणातल्या पाण्याचा सगळा प्रश्न त्याच फरकात आहे. घाटमाथ्यापलीकडे, काळ्या रानातल्या विहिरींच्या पाण्यावर मासे पाळणाऱ्यांना पट्ट्या पुरेशा आहेत. त्यांनी बाराशे रुपये अमोनियाच्या संचावर घालावेत. जांभ्याच्या पट्ट्यातील, अस्तर असलेल्या तळ्यांच्या आणि बायोफ्लॉकच्या मालकांनी हा संच घ्यावा. विकत घेताना २० मिलिलिटरची खूण आहे का ते आवर्जून पाहावे, कारण काही संचांत फक्त ५ मिलिलिटरची नळी येते आणि मग विहिरीचे पाणी एका थेंबात संपते.

सुट्या कुप्यांची सोय ही विक्रेत्याची जमेची बाजू. दर्शकाची कुपी वेगळी मिळते, आठवड्याच्या आत पोहोचली आणि तिच्या बुचाला आतून रबरी चकती होती, जी मूळ कुपीला नव्हती; मूळ कुपी डबीत आडवी राहून गळत असे आणि माहितीपत्रकावर हिरवे डाग पडत. आम्लाची सुटी कुपी मात्र कुरिअरने पाठवत नाहीत, ती संपली की अख्खा संच नव्याने घ्यावा लागतो. पावसाळ्यात आठवड्याला आणि एरवी पंधरवड्याला एक तपासणी धरली, तर कमी अल्कतेच्या पाण्याला ती कुपी सहज दोन वर्षे पुरावी.